हातमोजे

बायको कामावर वारल्याचं कळलं, त्याच दुपारी अणुवीज केंद्राचे साहेब घरी आले. सोबत लष्कराचे दोन जवान. ती तिथल्या कामगारांचे कपडे धुवायची.

“हृदयविकाराचा झटका. वहिनींना त्रास झाला नाही,” साहेब म्हणाले. जवानांनी हातमोजे चढवले आणि तिची उशी, चादर, चपला लोखंडी पेटीत भरल्या.

“झटका उशीलाही आला होता का?” मी विचारलं.

“नियम असतो, दादा.”

“आणि विजेच्या कारखान्यात लष्कर कशाला?”

मी पाणी पुढे केलं, पण पेल्याला कोणी हात लावला नाही.

“वहिनींचं आणखी काही घरात?”

“नाही.”

ते गेल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. लेक आईचा स्वेटर घालून, बाह्या नाकाशी धरून बसली होती. तो काढ, असं तिला अजून सांगितलेलं नाही.