रिंगणातला शब्द

"ये ताई, इकडं," रुचिकानं दारातून हाक मारली, तशी मागं भिंतीला टेकलेल्या शकुनबाईच्या तोंडून निघून गेलंच, "ये नाही, या मन, पोरी. मोठ्या हायेत त्या."

रुचिका ओशाळली. गावात पोरींचं शिबिर घ्यायला आलेल्या रिताताई हसल्या आणि समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं रिंगण आखू लागल्या. शकुनबाईला स्वतःचाच राग आला. दुसऱ्यांच्या पोरींना वळण लावायला ती आली नव्हती. पण सवय जाता जात नाही. तिच्या घरचं लेकरू मोठ्यांना अरे-तुरे करत नाही, हे अख्ख्या एकोडी गावाला ठाऊक होतं.

ती आली होती राखीसाठी. चौदा वर्षांची, एकुलती एक लेक. रिंगणापलीकडे आईकडे पाठ करून उभी होती. सात महिने झाले, राखी बापाशी बोलायची, शेळीशी बोलायची, पोलिसांशीसुद्धा बोलली. आईशी मात्र एक अक्षर नाही. उद्या सकाळी ती भंडाऱ्याच्या वसतिगृहात जाणार होती, आणि सुटीतही घरी येणार नाही असं तिनं बापाला सांगून टाकलं होतं. आज एकदा तरी तिनं 'माय' म्हणावं, एवढ्यासाठी शकुनबाई रिताताईंच्या पाया पडून इथं आली होती.

सात महिन्यांपूर्वी तुलाराम घरी आला होता. नवऱ्याचा, घनश्यामचा, जुना दोस्त. धान खरेदीला गावोगाव फिरायचा आणि यांच्याकडे चहाला थांबायचा. घनश्याम तेव्हा शेतात होता. शकुनबाई आत चहा ठेवत होती. मधे नुसता पडदा. बाहेर बोलल्याचा आवाज येत होता, नेहमीसारखाच. काळजीचं काही वाटलं नाही. पडद्याबाहेर पोरीवर जे गुदरलं, त्यासाठी तुलाराम आज तुरुंगात आहे. पण पोरगी ओरडली काहून नाही, हे गावानं विचारलं, नणंद आनंदाबाईनं विचारलं, वकिलानं विचारलं. सगळ्यांच्या आधी शकुनबाईनं विचारलं होतं, पोरीचे खांदे गदागदा हलवून: "मी आतच होती न? मले आवाज काहून नाही देल्ला?"

त्यानंतर राखीनं आईशी बोलणं टाकलं.

रिताताई पोरींना सांगत होत्या की हे रिंगण तुमचं आहे. समोरची चालत येईल. नकोसं वाटलं की आपल्याला सुचेल तो शब्द बोलायचा. ज्याला तुमची कदर आहे तो तिथंच थांबतो. मैत्रीण असो, नवरा असो, नाहीतर बाप. आणि शब्द निघालाच नाही, तरी चूक तुमची नसते. शकुनबाईनं मान खाली घातली. हे सात महिन्यांपूर्वी कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं पोरीला तसं हलवलं नसतं.

रुचिका 'थांब' म्हणाली. दुसरी 'दूर हो' म्हणून खुदकन हसली. मग राखी रिंगणात गेली. रिताताई स्वतः चालत निघाल्या. चार पावलं राहिली, दोन राहिली. बोल माझे बाई, शकुनबाई मनात विनवत होती, आता तरी बोल.

"बस," राखी म्हणाली.

रिताताई जागीच थांबल्या. शकुनबाईला रडू फुटलं. पोरीला आवाज फुटला होता. आता तिला कुठंही पाठवायला भीती नव्हती.

"छान," रिताताई म्हणाल्या. "आता हाच शब्द जोरात. घरात आत कोणी असेल, त्याला ऐकू जाईल एवढ्यानं."

राखी वळली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"माय," ती म्हणाली. "तुले ऐकू आलं होतं. मी बस, बस मनत होती. अन् तू आतून मनली, 'बसा मन, पोरी. मोठे हायेत ते.'"