गुरुवारचा दगड

आफ्रिकेतल्या ताई नावाच्या राष्ट्रीय उद्यानात चिंपांझी कठीण फळं दगडांनी फोडतात. अभ्यासासाठी क्रमांक दिलेल्या या दगडांतला चौदा क्रमांकाचा दगड दर गुरुवारी नाहीसा होई आणि शुक्रवारी जागेवर परत येई. असं सलग अकरा आठवडे. चिंपांझींना आठवड्याचे वार कळतात, असा संशोधक विद्यार्थी डेझिरेचा अख्खा प्रबंध या दगडावर उभा होता. त्याचे मार्गदर्शक येबुआसर यांना ते पटलं तरच प्रबंध पुढे जाणार होता, म्हणून सर आबिजानहून मुद्दाम गुरुवारी आले.

दोघं दिवसभर झुडपामागे बसले. दगड जागचा हलला नाही.

"आज त्यांना सुट्टी असेल," सर पँट झटकत म्हणाले.

छावणीत स्वयंपाक करणाऱ्या ओनोरीन मावशींनी आतिएके, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा सांजा, आणि तळलेला मासा वाढला. डेझिरे ताटातला मासा नुसताच चिवडत बसला.

"खा रे बाबा," मावशी म्हणाल्या, "सर आले म्हणून मासा केलाय. एरवी गुरुवारी आपलं शेंगदाण्याचं कालवण ठरलेलं. आज वाटायचं काही नव्हतं, म्हणून जंगलातून दगड आणायची माझी पायपीट तरी वाचली."