कोपऱ्यातली विंडो

सुरतेत गोडादऱ्याच्या घरी एकट्या असताना सासूबाई हल्ली गॅस चालू ठेवून विसरायच्या, म्हणून योगिताने स्वयंपाकघरात कॅमेरा बसवून घेतला होता. कापड मार्केटमधल्या ऑफिसात बिलं करता करता ती त्याची छोटी विंडो स्क्रीनच्या कडेला सरकवायची. पण कडेला नेली, की ती आपोआप पसरून अर्धा स्क्रीन व्यापायची. मागे शेठची चाहूल लागली, की योगिता घाईघाईने ती बंद करायची. घरावर एक डोळा आणि शेठवर एक, यातच ती पार थकून गेली होती.

शेवटी तिने कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या ललितला विचारलं, "ललितभाऊ, हे आपोआप पसरणं बंद नाही का होत?"

"होतं ना ताई, सेटिंगमध्ये आहे," म्हणत त्याने ते बंद करून दिलं.

त्या दुपारी विंडो काडेपेटीएवढी होऊन कोपऱ्यात निमूट बसली. बऱ्याच दिवसांनी योगिताने मान सैल सोडली.

तेवढ्यात मागे येऊन उभे राहिलेले शेठ चष्मा सावरत, स्क्रीनकडे वाकून म्हणाले, "बेन, आजे सासुबा देखाता नथी? तबियत बराबर छे ने?"