लांबचा बाजार

डालग्यातली गिरिराज कोंबडी पुन्हा पेंगली तशी राहीबाईनं तिला बोटानं ढोसलं. "ए भवाने, जागी ऱ्हा की!" कोंबडीनं एक डोळा उघडला, मान जरा वर केली आणि पंख सैल सोडून पुन्हा तशीच बसली. तिच्या बुडाखालचं गवत पांढरट हिरवं झालं होतं. राहीबाईनं ते मुठीनं ओढून पायाखाली दडपलं आणि पदरानं तोंडावरचा घाम पुसला.

गावात कोंबड्यांची मानमोडी शिरली होती. खालच्या आळीतली खुराडी आठवड्यात रिकामी झाली. आणि मर आली की माणसं काय करतात? कोंबडी जिती आहे तोवर बाजार गाठतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मेलेलं कुत्र्याला, जितं बाजाराला. राहीबाईनं फक्त एवढं केलं, की नेहमीचा विट्याचा बाजार टाळला आणि उलट्या दिशेनं म्हसवडला आली. विट्याला कुंडलची माणसं येतात, आणि कुंडलला तिची लेक शिवांजली दिलेली. शिवांजलीनं सासूशी भांडभांड भांडून मळ्यात ह्या नव्या गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळल्या होत्या, आता कुठं त्यांच्या अंड्यांचे चार पैसे सुटायला लागले होते. "रोगराई आणलीस तर खुराड्यासकट तुला माहेरी धाडीन," असं सासूनं बजावलेलं, आणि ती बाई नुसती बोलणाऱ्यातली नव्हती. तेव्हा रोग कुठं जायचा तिकडं जाऊ दे, कुंडलला नको.

"वैनी, मयताला आल्यागत बसू नगा," शेजारी स्वतःचं डालगं घेऊन बसलेला तिचा चुलतदीर अर्जुना म्हणाला. "गिऱ्हाईक आपलं तोंड बघून कोंबडी घेतं."

खप तसा बरा झाला होता. श्रावण चालू, त्यामुळं कापून खाणारं गिऱ्हाईक नव्हतंच. जो नेई तो पाळायलाच नेई. काळी गेली, कवडी गेली, उलट्या पिसांची गेली. गावरान सगळ्या संपल्या. उरली ही एकटी गिरिराज. लेकीनंच दिलेलं अंडं राहीबाईनं गावरान खुडूक कोंबडीखाली बसवून उबवलेलं.

इतक्यात एक पोरसवदा बाई समोर उकिडवी बसली. हातात हिरवा चुडा, नवी नवरी दिसत होती.

"मावशी, पाळायला पायजे. कशी हाय ही?"

"लय गुणाची. अंडं हे एवढं देती."

"मग पेंगती कशापायी?"

"उनानं गं. पहाटंपासनं डालग्यात हाय बिचारी."

खोटं इतकं सरळ तोंडातून आलं की राहीबाईला स्वतःचंच नवल वाटलं. घासाघीस झाली, पैसे हातात आले. पोरीनं कोंबडी पायाला धरून उचलली, वजन जोखलं आणि खुशीत हसली. सुटले बाई एकदाची, असं राहीबाईला झालं.

"पंचमीला म्हायेरी आलते," पोरगी आपणहून बोलू लागली. "उद्या सासरी जायाचं, म्हनलं मोकळ्या हातानं काय जायाचं? आमच्या शेजारच्या वैनींच्यात अशाच हायेत. त्यांनीच मला नाद लावला. माझं खुराडं हुईपातुर त्यांच्यातच सोडणार हाय हिला."

राहीबाईनं नोटा मोजायच्या थांबवल्या. "कुठलं गं सासर?"

"कुंडल."

कुंडल काय लहान गाव आहे? आणि अशा कोंबड्या काय एकटी शिवांजलीच पाळते? राहीबाईनं मनाची समजूत घातली, पण जिभेनं काही ऐकलं नाही. "वैनीचं नाव काय?"

"शिवांजली. का वो?"

राहीबाईनं झडप घालून कोंबडीचा पंख धरला. "ही नगं नेऊ. तुझं पैसं घे परत."

"का म्हनून? जादाचं गिऱ्हाईक आलं व्हय?" पोरगी ताडकन उठली. ती कोंबडी सोडेना, राहीबाई पंख सोडेना. लोक वळून बघायला लागले. अर्जुनानं राहीबाईचा दंड घट्ट दाबला.

"वैनी, नेऊ द्या तिला. माझं डालगं अजून भरल्यालं हाय."

त्याचंही खरंच होतं. इथं एक शब्द फुटला की त्यांच्या गावच्या कोंबडीला वर्षभर कुणी हात लावणार नव्हतं. अर्जुनाची बायको दारात पैशाची वाट बघत बसली असेल. राहीबाईनं पंखावरची पकड सैल केली. पण शिवांजली पिशवी घेऊन माहेरच्या वाटेला लागलेली तिला डोळ्यापुढं दिसली, आणि मग तिच्यानं राहवलं नाही.

"मानमोडी हाय तिला!" ती ओरडली. "आमच्या गावात मर आलीया. नेलीस तर वैनीची एक कोंबडी शिल्लक ऱ्हायची न्हाई!"

भोवतालची माणसं दोन पावलं मागं सरली. अर्जुनानं शिवी हासडली आणि आपल्या डालग्यावर पोतं ओढलं. पोरीच्या हातातून कोंबडी सुटली ती पडली तिथंच पडून राहिली. पोरगी राहीबाईकडं बघत होती. तिला राग आलेला नव्हता, तिला अजून नीट उमगतच नव्हतं. मग तिची नजर मोकळ्या डालग्यात गेली.

"मावशी, ह्यातल्या सकाळधरनं गेल्या त्या कुनी नेल्या?"

राहीबाई आठवू लागली. काळी कुणी नेली? कवडी? म्हातारी होती का बाप्या? काही म्हणजे काही आठवेना. दिवसभर तिनं गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघितलं होतं, तोंडाकडं नाही.

आता तिनं मान वर केली. बाजार मोडायला लागला होता. चारी वाटांनी माणसं घराकडं निघाली होती, हातात कोंबड्या उलट्या धरून.