शेळीच्या तोंडचा तुकडा

डब्यावर चित्र नव्हतं. या मंडळींचा नियमच तसा. लाकडी कोडं कापून आणायचं, तुकडे टेबलावर ओतायचे आणि चित्र कशाचं हे न सांगता गप्प बसायचं. त्रिंबककाका तसेच बसले होते. बारीक करवतीनं सगळे तुकडे त्यांनीच कापलेले, आणि आता मिशीतल्या मिशीत हसणं चाललेलं.

मंजुळा सहज डोकावली होती. गारखेड्यात तिच्या घराच्याच गल्लीतल्या हॉलवर ‘लाकडी कोडी करणाऱ्यांचा व जमवणाऱ्यांचा मेळावा’ असा फलक दिसला म्हणून. पाच मिनिटं बघायचं आणि घरी. अडीच वर्षांची साळू कडेवर, आणि मंजुळाचे डोळे सारखे साळूवर. तुकडे नखाएवढे होते. साळूच्या नाकातोंडात काय काय जाऊ शकतं, याचा तिचा मोठा अभ्यास होता.

सासूबाईंचा इलाज वेगळा. फुलंब्रीहून राहायला आल्यापासून त्या रोज सकाळी साळूवरून भाकरीचा तुकडा ओवाळून रस्त्यावर टाकायच्या. “लेकराला नजर लागती गं.” आजही टाकला होता. एमएस्सी झालेल्या मंजुळानं आजही तोंड फिरवलं होतं.

टेबलाभोवती सगळे एका राखाडी तुकड्यावर अडले होते. चुलीचा धूर, असं एकमतानं ठरलं होतं; पण धूर कुठंच बसत नव्हता. मंजुळानं मान वाकडी करून पाहिलं. मग साळूला खाली ठेवलं. फक्त क्षणभर.

“हा धूर नाही,” ती म्हणाली. “दाढी आहे. शेळीची.”

तुकडा टक्कन बसला. मग शिंगं सापडली, कान सापडले, गळ्यातली घंटा सापडली. मंजुळाचे हात थांबेनात.

“काय नजर हाय वो ह्या ताईची!” तात्यासाहेब ओरडले. त्यांच्याकडे अशा कोड्यांची कपाटं भरलेली. “लई तेज नजर! आन् आमी बसलोय सकाळपासनं धूर काढत.”

शेवटी एकच जागा उरली. शेळीच्या तोंडाशी. टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या सरकवल्या, डबा उलटा केला. तुकडा नाही.

“शेळीनंच खाल्ला जणू,” तात्यासाहेब म्हणाले.

सगळे हसले. मंजुळा गर्रकन वळली. साळू दाराजवळ उभी होती. हात रिकामे.

“साळू, तुकडा खाल्ला?”

साळूनं जोरात मान हलवली. हो.

मंजुळाचं बोट साळूच्या तोंडात गेलं. दात, जीभ, टाळू. काही नाही. म्हणजे गेला खाली. कुणी पाणी आणलं, कुणी केळं सोललं.

“केळं नगं, दवाखाना गाठा! माझी गाडी दारात हाय.” तात्यासाहेब किल्ली शोधू लागले. त्रिंबककाकांचा चेहरा उतरला होता. “रंग साधाच आहे ताई,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते, “विषारी नाही, साधाच आहे.”

साळू रडता रडता ओरडली, “भाकलीचा! आजीनं दिला!”

मंजुळा थबकली. सासूबाई साळूला रोज विचारायच्या, तुकडा खाल्ला का माय? जेवलीस का, एवढाच त्याचा अर्थ.

“आणि हा? लाकडाचा?”

“ताकला.” साळूनं दाराबाहेर बोट दाखवलं.

रस्त्यावर, एका स्कूटरच्या चाकाशी तुकडा पडला होता. गुलाबी जिभेवर हिरवं पान. मंजुळा पायरीवर मटकन बसली.

“का टाकला गं?”

साळू तिच्या मागे जाऊन उभी राहिली. इवलीशी मूठ मंजुळाच्या डोक्याभोवती गोल गोल फिरवली, आणि रस्त्याकडे झटकली.

“आईला नजल,” ती म्हणाली. तात्यासाहेबांकडे बघून पुन्हा म्हणाली, “आजोबा म्हन्ले. लई नजल.”

त्रिंबककाका तुकडा उचलायला वाकले. तात्यासाहेबांनी त्यांचं कोपर धरलं.

“थांबा. ओवाळून टाकलेलं उचलत नसतेत.”

“अहो तात्यासाहेब, लाकूड आहे ते! महिनाभर बसलोय मी त्या शेळीवर.”

“शेळीवर बसा नाय तर बैलावर. उचलू नगा.”

काकांनी मंजुळाकडे पाहिलं. शिकलेली बाई, ती तरी समजावेल. मंजुळानं तोंड उघडलं. साळूची मूठ अजून तिच्या केसांत होती, घामट, गरम.

“नको, काका,” ती म्हणाली. “राहू द्या.”

काका काही वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि तुकड्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून आत गेले.

आत शेळीभोवती नवी माणसं जमली होती. कुणीतरी तोंडाजवळच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“इथला तुकडा कुठंय?”

“तो,” त्रिंबककाका खुर्ची ओढत म्हणाले, “कामी आला.”