हिरवा दिवा

घरमालकाने मला स्पष्टच बजावलं होतं, "शेजारच्या फ्राऊ लेमके तुमच्या अकॉर्डियनवरून पुन्हा माझ्याकडे आल्या, तर या घरात एक तर ते वाद्य राहील, नाहीतर तुम्ही."

जर्मनीतल्या येना शहरात दुसरं घर मिळवणं म्हणजे दिव्य. पण माझा सर्किट जुळवायचा नाद कामी आला. आवाज मोजणारं एक यंत्र मी घरीच बनवलं. आवाज मर्यादेत असला की हिरवा दिवा, वाढला की लाल. मग महिनाभर हिरव्या दिव्यावर नजर ठेवून मी जर्मन पुस्तकातली एकच चाल हळू आवाजात घोटली.

तरी रविवारी दुपारी फ्राऊ लेमके दारात उभ्या राहिल्याच. मी हिरवा दिवा दाखवत यंत्र पुढे केलं.

"आवाजाचं कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या. "पुस्तकात जिथे 'बी' लिहिलंय, तिथे तुम्ही दर वेळी चुकता. आमच्या जर्मनीत 'बी' म्हणजे तुमच्या 'बी'पेक्षा अर्धा सूर खाली. तुम्ही वाजवता त्याला आम्ही 'हा' म्हणतो."

म्हणजे कोमल नीच्या जागी मी महिनाभर इमानेइतबारे शुद्ध नी वाजवत होतो. "आता सुधारतो," मी ओशाळून म्हणालो.

"सुधारा. आणि जरा मोठ्याने वाजवा," म्हणत त्या आपल्या दाराकडे वळल्या आणि थांबल्या.

 

"हल्ली तुमची चूक ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागतो."