लेस्कायची बाजू

"लेस्कायला फेकता येत नव्हतं," ओलेगारिओ शांतपणे म्हणाला, आणि बाकावर पेंगत बसलेला चानो ताडकन उभा राहिला.

ग्वांतानामोच्या बागेत दुपार कलली की बेसबॉलवाल्या म्हाताऱ्यांचा अड्डा जमे. तिथे सगळे एकमेकांना टोपणनावानेच हाक मारत. वाद ठरलेला असे. फटका, ताकद, पळणं, झेल आणि फेक, सगळंच ज्याच्या अंगात होतं असा खेळाडू कोण? बाकीचे रोज नवं नाव काढत. ओलेगारिओ मात्र किआलाला सोडत नसे आणि चानो लेस्कायला.

"फेकता येत नव्हतं?" चानोचा आवाज कापत होता. "सांतियागोच्या सामन्यात त्याने मैदानाच्या कुंपणापासून थेट होम प्लेटवर चेंडू टाकला, तेव्हा तू काय डोळे मिटून बसला होतास?"

"वारा होता पाठीशी."

"वारा समोरून होता, गाढवा. आणि चेंडू ओला होता, बोटांत ठरत नव्हता. तरी टाकला त्याने."

पलीकडच्या बाकावर बसलेल्या आर्लेनिसने मनातल्या मनात चानोला शाबासकी दिली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि याच वर्षी बाराकोआच्या डोंगरातून बदली होऊन आली होती. लेस्काय तिने वडिलांच्या रेडिओवर ऐकला होता. तो बॅट घेऊन उभा राहिला की वडील घरात कुणाला खोकूसुद्धा देत नसत. वडील आता नव्हते. ओलेगारिओ लेस्कायला नावं ठेवू लागला की आपल्या वडिलांनाच कुणी वेड्यात काढतंय असं तिला वाटे.

आणि तो रोज नावं ठेवायचा. लेस्काय आळशी होता, स्वतःवरच खूश होता, त्याची किआलाच्या बुटाची नाडी बांधायचीही लायकी नव्हती. चानोच्या तळपायाची आग मस्तकात जाई. हातवारे करत तो एकेक सामना उभा करी. कुठल्या खेळीत कोण कुठे उभा होता, कुणी शिवी दिली, कुणाच्या बुटात खडा गेला होता, सगळं. तो दमला असं वाटलं की ओलेगारिओ आणखी एक काडी टाकी.

ओलेगारिओ लेस्कायच्याच संघात राखीव खेळाडू होता, हे तिला नंतर कळलं. मग तिला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. जन्मभर दुसऱ्याचा खेळ बाकावरून बघितलेला माणूस. मनातली मळमळ बाहेर काढत होता. तिने कॉफीवाल्याकडे एकदा विषय काढला, तर तो थर्मासचं झाकण घट्ट करत म्हणाला, "त्यांचं त्यांना बघू दे, पोरी. तू त्यात पडू नकोस."

पण एके दिवशी ओलेगारिओने कहर केला. लेस्काय शेवटी दारूत बुडाला, म्हणून संपला, असं तो बोलून गेला. चानोने त्याची कॉलर धरली. चेहरा काळानिळा पडला, आणि तो तसाच खाली बसला. लोकांनी पाणी पाजलं, टोपीने वारा घातला. चानो सावरला, पण छातीवरचा हात त्याने बराच वेळ काढला नाही.

आर्लेनिसने ओलेगारिओला बाजूला घेतलं.

"लाज नाही वाटत तुम्हाला? लेस्कायच्या नखाची सर नाही तुम्हाला, म्हणून त्याची उणीदुणी काढता. काढा. पण हा म्हातारा आज तुमच्यापायी मेला असता. मग काय, किआला आला असता खांदा द्यायला?"

"त्याला चिडू द्यावं लागतं," ओलेगारिओ पुटपुटला.

"उद्या पुन्हा एक शब्द काढलात, तर मी पोलिसाला घेऊन येईन."

तो चानोच्या छातीवरच्या हाताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आर्लेनिस मुद्दाम लवकर येऊन बसली. ओलेगारिओ आला, चानोशेजारी टेकला आणि खाली बघत म्हणाला, "तुझंच खरं, चानो. लेस्कायसारखा दुसरा झाला नाही."

आर्लेनिसला बरं वाटलं. आता चानो मिशीला पीळ देईल, सगळ्यांना कॉफी पाजेल.

"बरं," चानो म्हणाला.

एवढंच. कुणीतरी सांतियागोचा सामना काढला. गाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाचं बोलणं ऐकावं तशी चानोने मान हलवली. कबुतरांकडे बघत राहिला. वाद पेटलाच नाही. एकेक जण काहीतरी कारण सांगून उठून गेला.

चानोची बायको झोइला नेहमीसारखी त्याला न्यायला आली. एरवी तो तिच्याबरोबर ओलेगारिओला शिव्या देत, हात उडवत घरी जाई. आज ती दुरूनच थबकली.

"आज भांडला नाहीस?" तिने ओलेगारिओला दरडावून विचारलं.

त्याने आर्लेनिसकडे बघितलं.

"मी थांबवलं त्यांना," आर्लेनिस म्हणाली. "लेस्कायबद्दल वाट्टेल ते बोलत होते. आणि काल तुमच्या नवऱ्याचा जीव जाता जाता राहिला."

झोइला तिच्याकडे वळली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. नवऱ्यासमोर ती गुडघ्यांवर बसली.

"चानो, लेस्काय कोण होता, सांग बघू."

चानो तिच्याकडे बघून अदबीने हसला. "माफ करा बाई. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही."

झोइलाने त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं.

"तू," ती म्हणाली. "तू होतास लेस्काय."